अप्पांचा सत्कार

मी कॉमिक्स लिहितो म्हटलं की सीमेवरच्या आमच्या भालकीत पहिला प्रश्न येतो, "चित्रं तुमीच काढताव व्हय?" नाही म्हटलं की लगेच दुसरा, "मग तुमी काय करताव?" या दुसऱ्या प्रश्नाचं धड उत्तर मला इतक्या वर्षांत देता आलेलं नाही. अहो, मी लिहितो! पान पहिलं, चौकट पहिली, कोण कुठे उभं आहे, हातात काय आहे, तोंड कुणाकडे आहे, आधी कोण बोलतं आणि त्याच्या डोक्यावरच्या फुग्यात किती शब्द मावतात. मग ते पुण्याला जातं आणि मी कधी न पाहिलेली माणसं त्यावरून चित्रं काढतात. एवढं ऐकून घेतल्यावर समोरचा "असं का" म्हणतो आणि उसाचा विषय काढतो. त्याचं तरी काय चुकलं, मला सगळे ओळखतात ते काट्यावरचा म्हणून.

काटा म्हणजे साखर कारखान्याच्या फाटकाजवळचा वजनकाटा. उसानं भरलेला ट्रॅक्टर वर चढला की भरलेलं वजन घ्यायचं, तो खाली होऊन परत आला की रिकामं घ्यायचं, पावती फाडून द्यायची आणि पुढच्याला हाक मारायची. हंगाम सुरू झाला की रांग पार मुख्य रस्त्यापर्यंत जाते. ड्रायव्हर हॉर्न वाजवतात, एकमेकांच्या आईबापाचा उद्धार करतात, मराठीत भांडण सुरू होतं, कन्नडात वाढतं आणि उर्दूत मिटतं. काट्याच्या खोलीत फोन न्यायला मनाई आहे. आतला माणूस बाहेरच्याशी बोलून वजन इकडंतिकडं करतोय असा संशय कुणाला येऊ नये म्हणून हा नियम. नियम चांगला आहे, मी ऊस घेऊन आलो असतो तर मीही तोच मागितला असता. फोन फाटकावर वॉचमनकडे द्यायचा आणि पाळी सुटली की परत घ्यायचा.

कॉमिक्सचं खूळ डोक्यात शिरलं ते हंगाम संपल्यावरच्या रिकाम्या दिवसांत. उन्हाळ्यात कारखाना बंद, काम कधी असतं, कधी नसतं. तसल्या एका उन्हाळ्यात मी पुण्याच्या एका मुलांच्या मासिकाला चार पानांची गोष्ट लिहून पाठवली. सीमेवरच्या एका गावातली चहाटळ मुलगी. तिची आजी कन्नडात रागावते, मास्तर मराठीत रागावतात आणि बांगडीवाली दखनीत. ती छापून आली. संपादक मॅडमचा फोन आला, "खूप वेगळं आहे हो हे!" आता आमच्या घरचं रोजचं बोलणं कुणाला वेगळं वाटलं तर आपण काय करणार? मी धन्यवाद म्हणालो. त्यांनी आणखी मागितलं, मी आणखी दिलं. मग मुंबईहून फोनवर वाचायच्या गोष्टींचं काम आलं, मग आणखी एका ठिकाणचं. काम वाढायला लागलं आणि तिथेच माझी पंचाईत झाली.

कारण ते वाढलं ते असं वाढलं, की त्याच्या जिवावर नोकरी सोडता येईना आणि नोकरी सांभाळून ते पुरं होईना. पहाटे उठून दोन पानं लिहायची आणि सकाळच्या पाळीला पळायचं. काट्यावर बसून डोक्यात चौकटी मांडायच्या आणि मधेच एखादा ट्रॅक्टरवाला काचेवर थापट्या मारायचा, "ओ साहेब, झोपलाव का?" काट्यावरचे आमचे अधिकारी बिदरचे. ते मला म्हणायचे, "क्या सोचते बैठतें जी हमेशा? किसीका कर्जा है क्या?" कारखान्याला वाटायचं हा कामचुकार, मासिकवाल्यांना वाटायचं हा वेळ पाळत नाही. दोघांचंही खरं होतं. लग्न झालं नाही ते बरंच झालं म्हणायचं. दोन-दोन कामं असून एकाचाही भरवसा नसलेल्या माणसाला मुलगी देणार कोण? घरात मी, आई आणि वडील. आम्ही बसवण्णांना मानणारे, घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. आईला अव्वा म्हणायचं, वडिलांना अप्पा.

अप्पा आठवडी बाजारात लाल मिरची विकायचे. एके दिवशी चिटगुप्पा, एके दिवशी भालकी, मधल्या दिवसांत आणखी कुठली गावं. ते हसायचे नाहीत. रागीट होते असंही नाही, पण हसणं म्हणून जे काही असतं ते त्यांच्या चेहऱ्याला ठाऊकच नव्हतं. गिऱ्हाईक विनोद करायचं, शेजारचा लसूणवाला खो-खो हसायचा, आणि अप्पा मिरचीचे देठ खुडत बसायचे. माझं पहिलं मासिक मी त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा त्यांनी सगळी पानं उलटून बघितली आणि म्हणाले, "कागद चांगला हाय." मला त्या दिवशी इतका राग आला होता की विचारू नका.

मिरचीच्या धुळीनं म्हणा, वयानं म्हणा, अप्पांची छाती भरत गेली. हंगाम सुरू व्हायच्या थोडं आधी, दसरा झाल्यावर, ते सकाळी गेले.

आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालतात, धुतलेलं पांढरं नेसवतात, कपाळाला आणि दंडांना विभूतीचे पट्टे ओढतात आणि भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात. गळ्यात हार घालतात, समोर समई लावतात. भजनवाले येऊन बसतात आणि टाळ सुरू होतात. लोक येतात, पाया पडतात, बायका हळद-कुंकवाच्या हातानं नमस्कार करतात. दुपारून सजवलेल्या खुर्चीत बसवून, खांद्यावर घेऊन, वाजतगाजत गावाबाहेर नेतात आणि खड्ड्यातल्या कोनाड्यात तसंच बसवून ठेवतात. वर बेलाची पानं, विभूती, मग सगळ्यांची मूठमूठ माती. त्या दिवशी अव्वानं स्वतः अप्पांना बसवलं. पाठीला उशी लावली, मान सरळ केली, हात मांडीवर ठेवले आणि एकदा मागे सरून नीट बघितलं. मी सकाळपासून समोर बसून होतो. अप्पांच्या समोर एवढा वेळ मी जन्मात कधी बसलो नव्हतो. ते बाजारात असायचे, मी काट्यावर असायचो, आणि दोघं घरी असलो की मी वहीत तोंड खुपसून असायचो. त्या दिवशी त्यांचा चेहरा मी बघितला म्हणजे खरंच बघितला. शांत होता. हसरा अजिबात नव्हता, पण शांत होता.

ते मला लिहायचं होतं. बाकीचं सगळं मी मागणीप्रमाणं लिहिलं होतं, हसवा म्हणाले की हसवलं, शेवटी शिकवण घाला म्हणाले की घातली. हे एकच मला माझ्यासाठी, जसं होतं तसं कागदावर उतरलेलं हवं होतं. मी मॅडमना सांगितलं की या वेळी मुलीच्या आजोबांची गोष्ट आहे आणि शेवटची पानं मूक असतील, एकही फुगा नसेल. त्या म्हणाल्या, "वा, किती छान! मूक पानं फार कमी जण लिहितात."

सकाळच्या पाळीआधी थोडं थोडं करून मी ते लिहिलं. आजोबा बाजेवर पडलेले, मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मग मूक पानं. आजोबा भिंतीला टेकून मांडी घालून बसलेले, अंगावर पांढरं वस्त्र, गळ्यात हार, चेहरा शांत. समोर समई, बाजूला भजनवाले. लोक येऊन पाया पडतात. आजोबा सजवलेल्या खुर्चीत, खुर्ची लोकांच्या खांद्यावर, पुढे वाजंत्री, मागे सगळं गाव. शेवटची चौकट: चौकोनी खड्डा, बेलाची पानं, मुलीच्या मुठीत माती. बास, एवढंच. आजोबा मेले, वारले, गेले यातलं काही मी लिहिलं नाही. घरातही त्या दिवशी कुणी तो शब्द उच्चारला नव्हता. आणि खरं सांगायचं तर, तो लिहायची गरज आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हार घालून भिंतीला टेकवलेला माणूस म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

चित्रकार बाई कोकणातल्या. हात गोड, माणूसही गोड. त्यांची पानं तयार होऊन आली की लेखकानं बघून त्याच दिवशी होकार द्यायचा, अशी पद्धत होती. ती पानं आली तो दिवस ऐन हंगामातला. काट्यावरचा जोडीदार तापानं पडला होता, म्हणून माझी पाळी संपल्यावर मला त्याचीही करायला लावली. रांग रस्त्यापर्यंत गेलेली, एक ट्रॅक्टर वाटेत पंक्चर होऊन आडवा उभा, शिव्यांचा पाऊस. माझा फोन फाटकावरच्या खणात पडून होता. तो हातात आला तेव्हा दिवस मावळला होता. मॅडमचे निरोप एकाखाली एक आलेले. पानं पाठवली आहेत. पाहिलीत का? छपाईला सोडायचं आहे हो. आणि शेवटचा: उत्तर नाही म्हणजे हरकत नाही असं समजते, फारच सुंदर झालंय!

फाटकाबाहेर, उसाच्या पाचटावर उभं राहून मी पानं उघडली. आजोबा हसत होते. चांगले तोंडभर हसत होते, गालाला खळी पाडून. अंगावरच्या पांढऱ्या वस्त्राची शाल झाली होती. हातात नारळ दिला होता. नारळ तर बाईंनी पदरचा घातला होता. भजनवाले टाळ्या वाजवत होते. पाया पडणारे लोक हसतमुखानं रांगेत उभे होते. पुढच्या पानावर खुर्चीतून मिरवणूक, आजोबा दोन्ही हात उंचावून लोकांना नमस्कार करतायत. आणि शेवटच्या चौकटीत तो खड्डा. त्यात बेलाचं रोप लावलं होतं. मुलगी माती घालत होती आणि आजोबा झारीनं पाणी. आजारातून उठले म्हणून गावानं सत्कार केला, आणि सत्कारानंतर वृक्षारोपण! तिकडे बसून वाचलं तर दुसरा काही अर्थ निघतच नव्हता. मीच पुन्हा वाचून बघितलं, निघत नव्हता.

मी तिथूनच फोन लावला. "मॅडम, ते मेलेत."

"अगं बाई, कोण?"

"आजोबा."

"कुठल्या पानावर?"

"सगळ्या पानांवर. बसलेत तिथे मेलेत, मिरवणुकीत मेलेत, तो खड्डा त्यांचाच आहे."

"अहो, पण ते बसलेत!"

"आमच्यात बसूनच जातात, मॅडम."

पलीकडे त्यांनी पानं पुन्हा उलटल्याचं ऐकू आलं. मग खूप वाईट वाटल्याच्या आवाजात म्हणाल्या की पानं दुपारीच गेली, आता काही हाताशी राहिलेलं नाही, आणि मी म्हणत असेन तर पुढच्या अंकात खुलासा देऊ. खुलासा! मागील अंकातील आजोबा मृत आहेत असे वाचावे. मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. नको म्हणालो. नंतर चित्रकार बाईंचा फोन आला, त्या रडतच होत्या. "दादा, तुम्ही चेहरा शांत लिहिलं होतं, मला वाटलं समाधानी. एक शब्द लिहिला असता तर..." मी कुणावर ओरडणार होतो? कुणी मुद्दाम केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळा तरी झालो असतो. इथे सगळे भले लोक, आणि त्या भल्या लोकांनी मिळून माझ्या बापाला टाळ्या वाजवून पुरलं होतं.

अंक आला आणि आजोबा गाजले. हो, गाजले. मुलांची पत्रं आली, आयांचे निरोप आले, कुणी त्या नारळवाल्या चौकटीचं चित्र काढून पाठवलं. मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज अवघडलेला होता, पण आनंद लपत नव्हता. आजोबांची स्वतंत्र मालिका करायची, दर महिन्याला, आणि वर्ष झालं की पुस्तक. अशा फोनची मी किती वर्षं वाट बघितली होती! काट्यावर बसून, हॉर्न ऐकत, याच फोनचं स्वप्न बघत होतो. "तुमच्या भावना मी समजू शकते," त्या म्हणाल्या, "पण एका अर्थी ते जिवंतच राहतील ना?" मी म्हणालो, विचार करून सांगतो. विचार कसला डोंबलाचा करणार? नाही म्हणालो असतो तर ती चहाटळ मुलगीही हळूहळू बंद पडली असती. मासिकाला आता आजोबाच हवे होते. मी हो म्हणालो.

नोकरी सुटेल असं वाटलं होतं, तीही सुटली नाही. मालिकेचं ठरवायला पुण्याला बोलावलं होतं, पण हंगामात रजा मिळेना, म्हणून चहाच्या सुट्टीत फाटकावर उभा राहून मी त्यांच्याशी बोललो. आजोबा पतंग उडवतील का? मी म्हटलं उडवतील. आजोबा सायकल शिकतील का? शिकतील. मागून वॉचमन हाक मारत होता, गाडी चढलीय, या लवकर. अधिकारी म्हणाले, "अब क्या जी, बडे आदमी हो गए," आणि पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचा कागद हातात दिला. तेव्हापासून हे असंच चाललंय. पहाटे अप्पांना हसवायचं आणि दिवसभर ऊस जोखायचा.

सगळ्यात वाईट पुढेच घडलं. आता डोळे मिटून अप्पांचा चेहरा आठवायला गेलो तर खळी येते. अप्पांना खळी नव्हती! भिंतीवर त्यांचा फोटो आहे, त्यात नाही. पण महिनोन्महिने मी ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांना ती आहे. त्या दिवशी समोर बसून जो चेहरा बघितला होता, तो मला आता दिसत नाही. मी लिहिला नसता तर कदाचित राहिला असता.

अव्वाला मी यातलं काहीच दाखवलं नव्हतं. तिची शाळा कन्नडातली, तीही थोडकीच. मराठी बोलते फाडफाड पण वाचता येत नाही. त्यामुळे मासिकं घरात पडलेली असली तरी काळजी नव्हती. पण तिच्या माहेरचं, निर्ण्याचं कुणीतरी आलं, त्या घरच्या मुलांकडे तो पहिला अंक होता, आणि तो तिच्या हातात दिला गेला. मी काट्यावरून घरी आलो तर ती दारात उजेडाला बसून पानं उलटत होती. मूक पानं उघडी होती. तिथे वाचायला काही नव्हतंच, आणि जे होतं ते सगळ्या जगात तिला एकटीलाच वाचता येणार होतं.

"ह्ये तुझे अप्पाच हायेत की रं," ती म्हणाली.

"व्हय."

तिनं बोट फिरवत एकेक चौकट बघितली. भिंत, हार, समई, खुर्ची, खड्डा. कुठेही अडली नाही. पुण्याला कळलं नव्हतं ते तिला पहिल्या चौकटीपासून कळत होतं. फक्त त्या तोंडावर तिचं बोट थांबलं.

"कामून हसायलेत?"

मी पुणं, पाळी, फोन, चित्रकार बाई असं काहीतरी सांगायला लागलो. तिनं ऐकलं, का ऐकलं नाही, कोण जाणे. मग मीच बोलता बोलता सांगून टाकलं की आता आजोबांची गोष्ट दर महिन्याला येते, ते बाजारात जातात, पतंग उडवतात, लोकांना लई आवडतात. मग तिनं अंक मिटला आणि दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवला.

"त्यायला उठवू नको, बाळा," अव्वा म्हणाली. "म्या बसवलंय त्यायला."

पुढचा भाग मी त्या दिवशी पहाटेच पुण्याला पाठवून दिला होता. त्यात आजोबा गळ्यातला हार काढून खुंटीला लावतात, उठतात आणि भजी खायला निघतात.